आजी, मेथी आणि ४० सेकंदांचा सोलो

*ताई, आठ वर्षं रॉक बँडमध्ये लीड गिटार वाजवतोय. कॉलेजच्या मैत्रिणीने तिच्या १४ मिनिटांच्या शॉर्टफिल्मचं संगीत करायला सांगितलं. पैसे नव्हते, तरी तीन आठवडे रात्री जागून केलं. परवा फायनल कट पाहिला. आजी मेथी निवडत नातवाशी बोलते, तिथला माझा ४० सेकंदांचा सोलो गायब! उरलाय फक्त शेवटचा सूर, दाराच्या कडीच्या आवाजावर विरणारा. मला विचारलंही नाही. म्हणे, बोलणं ऐकू येत नव्हतं. ‘माझं नाव काढून टाक’ असा मेसेज लिहून ठेवलाय. पाठवू का?*
*– सोलोवाला, कोथरूड*

अरे सोलोवाल्या, तो मेसेज आधी डिलीट कर.

न विचारता कापलं, ही तिची चूकच. ते तिला तोंडावर सांग, मनात ठेवू नकोस. पण का कापलं, यात मी तिच्या बाजूची आहे. तुमचा गायक अंतरा गात असताना तू सोलो काढतोस का? व्हॉल्यूमची कळ खाली घेतोस ना? इथे गायक म्हणजे आजी. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेली गिटार आणि माणसाचा आवाज, दोघांची गर्दी कंपनांच्या एकाच पट्ट्यात होते, काही शे हर्ट्झपासून तीन-चार हजारांपर्यंत. त्या धक्काबुक्कीत पिकलेला, हळू आवाज हरणारच.

तुझ्या पत्रात गिटारच्या इफेक्ट पेडल्सबद्दल सहा ओळी होत्या (छापताना मी गाळल्या) आणि आजीबद्दल एक. यावरून मला शंका येते की तू खोलीत मेट्रोनोम (तालाची टिकटिक) लावून वाजवलंस आणि नंतर ते चित्रावर बसवलंस. १९९५ च्या ‘डेड मॅन’साठी नील यंगने पडद्यावर फिल्म बघत बघत गिटार वाजवली होती. तोही रॉकवालाच. तू आजीच्या हातांकडे बघून वाजव. ती काडी मोडते, पानं ताटात टाकते, मध्येच थांबते. थांबते तिथे एखादा सूर पुरेल, तोही पिक (तार छेडायची चकती) न लावता, व्हॉल्यूमची कळ हळूच वर नेत.

मैत्रिणीकडे जा, दोघं मिळून आख्खी फिल्म संगीताशिवाय बघा आणि संगीत कुठे नको, ते आधी ठरवा. मग प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा काढून दे, फिल्मच्या आवाजाच्या नेहमीच्या मापाला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला. एकाच फाइलमध्ये सगळं एकत्र दिलं असशील, तर गिटार नुसती खाली घ्यायची तिला सोयच नव्हती. एक तर ठेवा नाहीतर उडवा! कापाकापीत शेवटचा शब्द कुणाचा, हेही दोन ओळींत लिहून घ्या, मैत्रीण असली तरी.

आणि कडीवरचा तो सूर हेडफोन लावून पुन्हा ऐक. सगळं उडवताना तेवढा तिने ठेवलाय, चुकून नव्हे.

सोलो मात्र फेकू नकोस. शेवटच्या नामावलीत कुणी बोलत नसतं. तिथले ४० सेकंद तिच्याकडे मागून बघ.