लंडनला ये, पण एमएससी करून नको

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय 31, पुण्यात एका जागतिक रिसर्च कंपनीच्या अ‍ॅनालिटिक्स सेंटरमध्ये सात वर्षं, नवरा सिव्हिल इंजिनिअर, लेक येत्या जूनमध्ये चार पूर्ण करेल. लंडनला यायचंय. कर्ज काढून डेटा सायन्समध्ये एमएससी करावं की थेट नोकरी बघावी? आणि एआयमुळे ग्राहक संशोधनात पाच वर्षांनी काम तरी उरेल का? तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही अगंतुगंच करते आणि आडपडदा न ठेवता लिहिते.

एमएससी नको. त्याचं पहिलं कारण तुझी लेक. जानेवारी 2024 पासून वर्षभराच्या अशा मास्टर्सला येणाऱ्यांना नवरा-मुलं डिपेंडंट म्हणून आणता येत नाहीत. पुढे ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, गेलीस तरी जे आधीपासून डिपेंडंट होते तेच सोबत राहू शकतात, म्हणजे तुझ्या बाबतीत कोणीच नाही. शिवाय तो व्हिसा पूर्वी दोन वर्षांचा मिळायचा, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा मिळणार आहे. एजंट हे शेवटी सांगतात, फी भरून झाल्यावर. आणि शिकशील काय? रिग्रेशन, क्लस्टरिंग, पायथन. ते तू रोज करतेस. सात वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहण्यासाठी तीस-चाळीस लाखांचं कर्ज, हा हिशोब मला पटत नाही.

दुसरा रस्ता थेट नोकरीचा, म्हणजे स्किल्ड वर्कर व्हिसाचा. जुलै 2025 पासून त्यासाठी वर्षाला किमान 41,700 पौंड किंवा त्या कामाचा सरकारने ठरवलेला दर, यातलं जे जास्त असेल तेवढा पगार लागतो. कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशातून माणूस आणायची सरकारी परवानगी, हवं. अशा कंपन्यांची यादी सरकारी साइटवर सगळ्यांना खुली आहे, अर्ज करण्याआधी नाव त्यात आहे का ते बघ. पण खरी मेख आहे ऑक्युपेशन कोडमध्ये, म्हणजे सरकारी यादीत त्या कामाला दिलेल्या क्रमांकात. पदाचं नाव 'अ‍ॅनालिस्ट' असलं तरी कंपनी ते कोणत्या कोडखाली दाखवते त्यावर सगळं ठरतं. पदवीच्या पातळीखाली धरलेल्या कोडवर नव्याने येणाऱ्यांना कुटुंब आणता येत नाही. म्हणून ऑफर आली की पगाराच्या आधी एचआरला कोड विचार, आणि उत्तर ईमेलवर घे.

तिसरा म्हणजे कंपनीतली बदली. ऐकायला सगळ्यात सोपा, पण त्या व्हिसाला 52,500 पौंड लागतात आणि तिथली वर्षं कायमच्या वास्तव्यासाठी मोजली जात नाहीत. तीन-चार वर्षं राहून परत जायचं असेल तर उत्तम. इथेच राहायचं असेल तर बदलीवर येऊन इथून स्किल्ड वर्करवर जाता येतं, तो विचार डोक्यात ठेवूनच ये. कायमच्या वास्तव्यासाठी आत्तापर्यंत पाच वर्षं धरत होते, ती सर्वसाधारणपणे दहा करायचा प्रस्ताव सरकारने मांडलाय. घर विकत घेण्याची स्वप्नं त्या बेताने बघ.

आता कामाबद्दल. व्हिसापेक्षा मला तुझी काळजी इथे जास्त वाटते.

तू लिहिलंयस की तुझं काम म्हणजे लंडनहून प्रश्नावली येते, फील्डचा डेटा येतो, तुम्ही क्रॉसटॅब (गटवार तुलनेचे तक्ते) काढता, ओपन-एंडेड म्हणजे लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांचं कोडिंग (गटवारी) करता आणि डेक, म्हणजे स्लाइड्स, बनवून रात्री पाठवता. एआय खातंय ते नेमकं हेच. हजारो उघडी उत्तरं वाचून त्यांचे गट पाडायला पूर्वी माणसं आठवडाभर बसायची, आता भाषा-मॉडेल ते तासाभरात करतं आणि आपण नमुना तपासतो. चार्टवरून डेक बनवणंही त्याच वाटेवर आहे. मात्र क्लायंटला मुळात काय ठरवायचंय ते समजून ब्रीफ, म्हणजे संशोधनातून काय शोधायचं ते, लिहिणं, सॅम्पलवर विश्वास ठेवायचा की नाही हे सांगणं, आणि डीब्रीफमध्ये, म्हणजे निष्कर्ष क्लायंटपुढे मांडताना, ब्रँड मॅनेजर तोंडावर 'हे मला मान्य नाही' म्हणाला की जागा न सोडणं, ही कामं माणसांकडेच आहेत. इथल्या मुलाखतीत त्याबद्दलच विचारतात. पुण्यातलं 'सीनियर मॅनेजर' हे पद इथे कोणाला भुलवत नाही. 'क्लायंटसमोर तू स्वतः काय बोललीस?' या प्रश्नाला उत्तर हवं. म्हणून निघण्याआधीचं वर्ष तिथेच, डीब्रीफच्या कॉलवर बोलायची संधी मागण्यात घालव. न मिळाल्यास भांडून घे. आपण बायका काम चोख करतो आणि बोलायची वेळ आली की दुसऱ्याला पुढे करतो. इथे त्याची किंमत पगारात मोजावी लागते.

सध्या इथे सगळ्यात गाजतोय तो सिंथेटिक रिस्पॉन्डंट, म्हणजे सर्व्हेला उत्तरं देणारा एआयचा बनावट माणूस. मॉडेलला सांगायचं, तू लीड्सची 42 वर्षांची बाई, दोन मुलं, नवरा प्लंबर. मग तिला सर्व्हे द्यायचा. दुपारभरात पाचशे 'मुलाखती'. दोष असा की उत्तरं मधल्या आकड्यांभोवती गर्दी करतात. विचित्र, चिडकं, विसंगत असं कोणी बोलतच नाही. मी गंमत म्हणून एकदा सोलापूरची गृहिणी बनवून नव्या मसाल्याबद्दल विचारलं. बाई इतकी समजूतदार की प्रत्येक पुडीला 'नक्की घेऊन बघेन'! खरी बाई आधी पुडी उलटून वजन बघते, मग किंमत, आणि मग म्हणते घरचा आहे अजून.

तरी याला हसून सोडू नकोस, कारण सर्व्हे भरायला नोंदवलेल्या खऱ्या माणसांचं पॅनेलही काही धुतल्या तांदळासारखं नाही. पैशांसाठी खोटे सर्व्हे भरणाऱ्या टोळ्या आणि बॉट आहेत. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत बनावट सर्व्हे डेटा विकल्याच्या एका कोटी डॉलरच्या प्रकरणात आठ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यामुळे कोणत्या उत्तरावर किती विसंबायचं हे आकड्यांनिशी सांगू शकणाऱ्या माणसाला मागणी आहे. तू ते दाखव. एक कल्पना देते: आपल्या सांख्यिकी मंत्रालयाच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाचा घरनिहाय डेटा उपलब्ध आहे. त्यातली महाराष्ट्रातली घरं घे, मॉडेलला घराचं वर्णन दे, दूध, खाद्यतेल, बाहेरचं खाणं यावर किती खर्च होत असेल ते विचार आणि खऱ्या आकड्यांशी ताडून बघ. नुसती सरासरी नको, घराघरांतला फरक किती पसरलाय तेही बघ, आणि गाव-शहर वेगळं काढ. कंपनीचा डेटा मात्र चुकूनही वापरू नकोस. हे एक काम दहा ऑनलाइन सर्टिफिकेटांना भारी पडेल.

इथला बाजारही समजून घे. आपल्याकडे एनसीसीएसमध्ये, म्हणजे ग्राहकांच्या वर्गवारीच्या पद्धतीत, कुटुंबाचा वर्ग मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरात फ्रिज, गाडी वगैरे काय काय आहे यावर ठरतो, इथे एबीसी1 वगैरे गट मुख्य कमावत्याच्या व्यवसायावर पडतात. आपला किराणावाला गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखतो, पण ते कुठे नोंदलेलं नसतं. इथे उलट. टेस्को या सुपरमार्केट साखळीने 1995 मध्ये क्लबकार्ड, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांची खरेदी नोंदवणारं कार्ड, आणलं आणि त्यामागचं विश्लेषण डनहम्बीने केलं. ती कंपनी एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या नवरा-बायकोने 1989 मध्ये काढलेली. या क्षेत्राच्या मुळाशीच एक बाई आहे, हे मला आवडतं. मुलाखतीआधी इथल्या स्पर्धा आयोगाचा, म्हणजे सीएमएचा, नोव्हेंबर 2024 चा लॉयल्टी किमतींवरचा, म्हणजे अशा कार्डधारकांना मिळणाऱ्या सवलतींवरचा, अहवाल वाच. सुमारे 50 हजार वस्तू तपासल्यावर 92 टक्क्यांमध्ये सवलत खरी निघाली. बऱ्याच ग्राहकांना मात्र ती खोटीच वाटत होती. असल्या विषयावर बोलता आलं की समोरचा खुर्चीत सरसावून बसतो.

बाई म्हणून काय, असं विचारलंयस. 250 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुष पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. पगाराची बोलणी करण्याआधी तो आकडा बघ. एप्रिल 2024 पासून पहिल्या दिवसापासूनच लवचिक वेळेची मागणी करता येते, मिळेलच असं नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर एक ऐक: रजा इथे 52 आठवड्यांची, पण कायद्याने फक्त पहिले सहा आठवडे नव्वद टक्के पगार, त्यापुढे 33 आठवडे जेमतेम रक्कम. भारतातले 26 आठवडे पूर्ण पगाराचे आहेत. काही कंपन्या स्वतःहून बरंच जास्त देतात, विचारून घे.

लेकीसाठी वेळ मात्र छान जुळतेय. चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे शाळेचा पहिला, वर्ग सुरू होतो, आणि सरकारी शाळा वर्क व्हिसावर आलेल्यांच्या मुलांनाही फुकट. त्याआधी आलीस तर नर्सरीचा खर्च कंबर मोडेल, कारण नोकरदार पालकांना आठवड्याला मिळणारे पाळणाघराचे फुकट तीस तास तुमच्यासारख्या दोघेही व्हिसावर असलेल्या घरांना सहसा मिळत नाहीत.

पैशांचं: वर्षाला 45 हजार पौंड पगारावर कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन महिन्याला साधारण 2,990 पौंड हातात, त्यातून पेन्शन कापलं जाईल. हॅरोकडे दोन बेडरूमचं घर 1,700 च्या आत मिळालं तर नशीब, काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा कर, वेगळा. आणि सरकारी आरोग्यसेवेसाठी येण्याआधीच भरायचा हेल्थ सरचार्ज: मोठ्यांना वर्षाला 1,035, मुलीला 776. तीन वर्षांचा तिघांचा मिळून 8,538 पौंड, एकरकमी. कंपनी भरणार का, आणि भरला तर नोकरी सोडताना परत मागणार का, हे करारात शोध. परदेशी माणूस घेतल्याबद्दल कंपनीने स्वतः सरकारला भरायचा स्किल्स चार्ज मात्र तुझ्याकडून वसूल करता येत नाही. कोणी मागितला तर तिथूनच मागे फिर.

नवऱ्याला डिपेंडंट म्हणून जवळजवळ कोणतंही काम करता येतं. पण त्याच्या पगाराशिवाय पहिले सहा महिने निघतील एवढी शिल्लक ठेवा, कारण इथल्या बहुतेक बांधकामांच्या साइटवरची कामं मिळवायला सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामाच्या कामासाठीचं ओळखपत्र, लागतं आणि त्यासाठीची सुरक्षा परीक्षा द्यावी लागते. पुस्तक आणून त्याला आत्तापासून वाचायला बसव.