नाशिकसारख्या शहरात आई-बाबांसाठी दोन सीटची छोटी गाडी घ्यावी का? ती सुरक्षित असते का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा कॉलेज रोडला राहतात, मोठी गाडी आता बाबांना झेपत नाही, आणि महिन्यातून एकदा दोघं सिन्नरला मावशींकडे जातात. मला यातला सिन्नरचा उल्लेख सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मी सातपूरला प्रेस टूलच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या साच्यांच्या कामात आहे. २०१४ मध्ये कामानिमित्त काही महिने जर्मनीत श्टुटगार्टला होतो. तिथे स्मार्ट फोरटू ही दोन सीटची छोटी इलेक्ट्रिक गाडी मिनिटांच्या हिशोबाने भाड्याने मिळायची. पहिल्या दिवशी बसण्याआधी मी सवयीने पत्रा वाजवून पाहिला. दारावर टिचकी मारली तर प्लास्टिकचा पोकळ आवाज. दारामागच्या चंदेरी कमानीवर मारली तर बोटालाच पोलाद कळलं. ती कमान म्हणजे त्या गाडीचा जीव. माणसं बसतात त्या जागेभोवती पोलादी पिंजरा, त्याला कंपनी ट्रायडिऑन म्हणते; बाहेरचे पॅनल प्लास्टिकचे, चेपले की बदलायचे. लांबी जेमतेम २.७ मीटर, पण बैठक उंच, त्यामुळे बाजूने धडक बसली तर मार बराचसा खालच्या चौकटीवर जातो. शेजारची सीट थोडी मागे सरकवलेली, म्हणून दोघांचे खांदे एकमेकांना लागत नाहीत. रविवार कारंजा किंवा मेनरोडला अशी गाडी म्हणजे खरंच सुख. वळते पटकन, मावते कुठेही.

पण पिंजरा कितीही मजबूत असला तरी वजनाचं गणित सुटत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये स्मार्ट आणि मर्सिडीज सी-क्लास समोरासमोर धडकवल्या, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने. अडथळ्यावर आदळण्याच्या चाचणीत याच स्मार्टला चांगला शेरा मिळाला होता. इथे मात्र ती उसळून हवेत गरगरली, आणि ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्यावरून माणसाच्या डोक्याला आणि पायांना गंभीर इजा झाली असती असा निष्कर्ष निघाला. स्थिर अडथळ्याची चाचणी साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी धडकल्यासारखी असते. समोरची गाडी जड असली की हलकीचा वेग क्षणात उलटा फिरतो, आणि तो धक्का आतल्या माणसाला बसतो. सिन्नरला जाणाऱ्या नाशिक-पुणे रस्त्यावर तर समोर ट्रक आणि कंटेनर असतात.

दुसरी गोष्ट मला शोरूममधल्या गप्पांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. आरसीवर वाहनाचा वर्ग काय आहे? मोटार कार की क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीपेक्षा हलक्या चारचाकीचा वेगळा वर्ग? बाहेरून दोन्ही सारख्याच छोट्या दिसतात. क्वाड्रिसायकलला वजनाची मर्यादा असते, आपल्याकडे वेगही ताशी ७० पर्यंतच, आणि मोटारीचे सगळे सुरक्षा नियम तिला लागू नसतात. बजाज क्यूट याच वर्गातली. २००१ मध्ये आलेली बेंगळुरूची रेवा पुढे लंडनच्या रस्त्यांवर क्वाड्रिसायकल म्हणूनच धावायची, त्यामुळे मोटारीच्या धडक चाचण्यांतून तिला जावं लागलं नव्हतं. मोटार कार वर्गातल्या नव्या गाडीला मात्र पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत. आज या आकाराच्या जवळ जाणारी, या वर्गातली गाडी म्हणजे एमजी कॉमेट. सीट चार आहेत, पण लांबी तीन मीटरच्या आत. दोनच सीट हव्यात असा हट्ट नसेल तर मी आधी तिच्याकडे पाहीन.

घ्याल ती गाडी घ्या, पण सीटच्या मागे सुटं सामान ठेवू देऊ नका. द्राक्षाची पेटी, गॅसचा सिलिंडर, काहीही. छोट्या गाडीत ते डोक्यापासून हातभर अंतरावर असतं आणि जोरात ब्रेक लागला की पुढे येतं. नातवंडाची मागे तोंड करून बसवायची बेबी सीट पुढे लावायची असेल, तर आधी त्या बाजूची एअरबॅग बंद करता येते का ते विचारा. येत नसेल तर तिथे बाळ नकोच. आणि बाबांना सांगा, द्वारका चौकात ट्रकच्या पुढच्या चाकाशेजारी थांबू नका, तिथे इतकी छोटी गाडी ड्रायव्हरला दिसतच नाही.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, एवढ्यासाठी मोटार कार वर्गातली छोटी गाडी बिनधास्त घ्या. सिन्नरच्या दिवशी त्यांना टॅक्सी करून द्या.