इन्का ट्रेल: उंचीचं सोडा, गुडघ्याचं बोला

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पन्नाशी ओलांडल्यावर पेरूतल्या माचू पिक्चूचा, म्हणजे इन्कांच्या डोंगरातल्या जुन्या नगरीकडे पायी नेणारा, चार दिवसांचा इन्का ट्रेल झेपेल का, शाकाहारी माणसाचे हाल होतात का, आणि कंपनी कुठली धरावी. राजगड-तोरणा आणि हंपता पास झालाय हेही लिहिलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, की वहिनींचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. मला विचाराल तर खरा प्रश्न तोच आहे. बाकीचे सुटतात.

मी आणि बायको २०२३ च्या मे महिन्यात जाऊन आलो. मी तेव्हा चौपन्न वर्षांचा, वजन असावं त्यापेक्षा सहा-सात किलो जास्त.

आधी उंचीचं बघू. हंपता ४२७० मीटर. इन्का ट्रेलवरची सगळ्यात उंच खिंड वार्मीवान्युस्का ४२१५ मीटर. म्हणजे तुम्ही तिच्याहून वर उभे राहून आलाय. नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’ असा आहे, पण घाबरू नका. खालून बघितलं की डोंगराची कड आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते, एवढंच. फरक आहे तो पोचण्यात. हंपताला मनालीहून आपण पायाने हळूहळू वर जातो. इथे समुद्रकाठच्या लिमातून विमानात बसायचं आणि तासा-सव्वा तासात कुस्कोला उतरायचं, ३४०० मीटरवर. दोन कळसूबाई एकमेकींवर ठेवल्या तरी कुस्को वर उरतंच. पहिल्या दिवशी हॉटेलचा एक जिना चढून मी धापा टाकत होतो आणि काउंटरवरची पोरगी सवयीने कोकाच्या पानांचा चहा पुढे करत होती.

म्हणून कुस्कोत विमान उतरलं की गाव बघायच्या मोहात पडू नका. गाडी करून थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात ओयांतायतांबोला जा, ते २८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री, मग वर कुस्कोत दोन रात्री, आणि मग ट्रेक. सुट्टी कमी पडते म्हणून नेमके हेच दिवस कापले जातात, आणि मग दुसऱ्या दिवशी खिंडीखाली उलट्या होतात. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या डायमॉक्स गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मी घेतली होती. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री तंबूतून तीनदा बाहेर पडावं लागतं.

आता उतार. चार दिवसांत सुमारे ४२ किलोमीटर चालायचं असतं, आणि जो तो दुसऱ्या दिवसाबद्दल बोलतो, कारण त्या दिवशी बाराशे मीटर चढ आहे. चढ सोपा नाही, पण त्यात लपवलेलं काही नाही. दम लागतो, थांबायचं, पुन्हा चालायचं. माणूस मोडतो तो तिसऱ्या दिवशी. सकाळी आणखी एक खिंड, मग सायाकमार्काचे अवशेष, मग डोंगराच्या कुशीतून जाणारी मूळ इन्का फरसबंदी, वाटेत खडक कोरून काढलेला छोटा बोगदा, आणि दुपारी फुयुपातामार्का, म्हणजे ‘ढगांवरचं गाव’. ते ३६०० मीटरच्या जवळपास आहे. तिथून मुक्कामाचं विन्याय वायना २६५० मीटरवर. मधल्या साडेनऊशे मीटरना पायऱ्या आहेत. नुसत्या पायऱ्या.

हरिहरसारख्या उभ्या नाहीत, पण संपत नाहीत. एक वीतभर, पुढची गुडघाभर, तिसरी उताराकडे कललेली. आम्हाला नेमका तिथे पाऊस लागला. दगडावर शेवाळ, डाव्या हाताला दरी, आणि मी उजवा हात भिंतीवर टेकून आडवा आडवा उतरतोय. मागून ‘पोर्टेर!’ अशी हाळी आली. बाजूला झालो तर पाठीवर तंबूंचं गाठोडं घेतलेला एक माणूस जुन्या टायरच्या चपला घालून माझ्या शेजारून पळत गेला. खरंच पळत. दोन मिनिटांनी दुसरा. तेव्हाच एक गोष्ट गाइडने ओरडून सांगितली ती तुम्हालाही सांगतो: हमालांना वाट देताना नेहमी डोंगराच्या बाजूला सरायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यांच्या ओझ्याचा धक्का लागला तर तुम्ही खाली जाता.

मुक्कामी पोचलो तेव्हा माझे दोन्ही गुडघे सुजले होते, आणि मला आधी गुडघ्याचा काही त्रास नव्हता. तयारी चुकली होती. तीन महिने दर रविवारी सिंहगड केला, पण चढून जायचो, भजी-पिठलं हाणायचो आणि जीपने खाली यायचो. तुम्ही उलटं करा. जीपने वर जा आणि पायी उतरा, लागोपाठ दोन दिवस. पर्वतीच्या १०३ पायऱ्याही चालतील, पण आठ-दहा फेऱ्या मारा आणि घड्याळ उतरताना लावा. काठ्या दोन घ्या, टोकाला रबरी टोपणं हवीतच. धातूच्या उघड्या टोकाने दगड झिजतात म्हणून नाक्यावर अडवतात.

वहिनींना दोन महिने हे करू द्या. दुसऱ्या दिवशी गुडघा धरत नसेल तर बुकिंग करा. धरत असेल तर चार दिवसांचा हट्ट सोडा, कारण तिसऱ्या दिवशी तिथे ना गाडी येते ना घोडा. पण म्हणून पायवाटच सोडायची गरज नाही. रेल्वेच्या १०४ व्या किलोमीटरला गाडीतून उतरून एका दिवसाचा छोटा इन्का ट्रेल करता येतो, त्यालाही परवाना आणि गाइड लागतो. हा रस्ता नदीवरून सुमारे २१०० मीटरवर सुरू होतो आणि विन्याय वायनापर्यंत मुख्यतः चढतो. गुडघ्याला छळणारा भाग नेमका गाळला जातो, आणि संपूर्ण वाटेवरचं माझ्या मते सगळ्यात देखणं ठिकाण पदरात पडतं. डोंगराच्या ओंजळीत कोरल्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मध्ये एकाखाली एक पाणी झरत जाणारी दगडी न्हाणीघरं, वर घरं, खाली घरं. विन्याय वायना म्हणजे ‘सदा तरुण’. त्याच नावाचं ऑर्किड तिथे उगवतं. माचू पिक्चूत तुमच्या पुढेमागे शेकडो माणसं असतात. इथे आम्ही संध्याकाळी अकरा जण होतो, आणि त्यातला एक लामा, म्हणजे तिकडचा लोकरी प्राणी.

पुढे इंतीपुंकू, सूर्यद्वार, दोन्ही वाटांना सारखंच. तिथे पहाटे पोचलं की सूर्योदयात माचू पिक्चू दिसतं असं सगळे सांगतात. आम्हाला धुकं दिसलं. चाळीस मिनिटं पांढरा पडदा, मग एका कोपऱ्यातून थोडी शेतं, मग पुन्हा पडदा. मला वाईट वाटलं नाही, कारण तोवर माझं बघून झालं होतं. फक्त माचू पिक्चूच बघायचं असेल तर ओयांतायतांबोहून रेल्वेने आग्वास कालियेंतेसला जावं, बसने वर जावं, रात्री परत. त्यात कमीपणा काही नाही. चालायचं ते या रस्त्यासाठी. चाक आणि लोखंड न वापरणाऱ्या लोकांनी अँडीजभर तीस हजार किलोमीटरहून अधिक वाटांचं जाळं विणलं, आणि त्यातला एक तुकडा आजही पायाखाली हलत नाही.

(उच्चार जपा: पिक्चू. मधला ‘क’ खाल्लात तर स्पॅनिशमध्ये भलताच अर्थ होतो. गाइड लोक पहिल्याच दिवशी हा विनोद करतात.)

कंपनीबद्दल. नाव सांगणार नाही, कारण मी जिच्यातून गेलो तिच्यावर मी खूश नाही, आणि बाकीच्यांचा मला अनुभव नाही. पण निवडायची कशी ते सांगतो. स्वतंत्रपणे जाता येतच नाही, परवानाधारक संस्था लागतेच. दिवसाला ५०० परवाने असतात आणि त्यातच गाइड, स्वयंपाकी, हमाल सगळे मोजले जातात. पर्यटकांच्या वाट्याला दोनशेच्या आसपास उरतात. वाट, मुक्काम, अवशेष सगळ्यांना तेच. मग एक कंपनी दुसरीपेक्षा दोनशे डॉलरने स्वस्त कशी, हा प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेक वेळा ते पैसे हमालांच्या ताटातून आलेले असतात. आमचे हमाल रात्री आमच्याच जेवणाच्या तंबूत झोपायचे, म्हणजे आमच्या गप्पा संपेपर्यंत बाहेर थंडीत ताटकळत बसायचे. दुसऱ्या रात्री बायको पाण्यासाठी बाहेर गेली तेव्हा तिला ते दिसलं. त्यानंतर आम्ही साडेसातला ताटं गोळा करून उठायला लागलो.

तेव्हा ईमेलमध्ये सरळ विचारा: हमालांना झोपायला वेगळा तंबू आणि स्लीपिंग मॅट देता का, त्यांचा विमा आहे का, ओझं किती देता. कायद्याने २० किलोची मर्यादा आहे आणि सुरुवातीच्या नाक्यावर काटा आहे. उत्तर गोलमोल आलं तर पुढची कंपनी बघा. तुमचं सामान ते वाहणार असतील तर स्लीपिंग बॅगसकट साधारण सात किलोच मिळतात, हे आत्ताच लक्षात ठेवा. बक्षिसी शेवटच्या संध्याकाळी देतात. कुस्कोतूनच सोलच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, लहान नोटा काढून ठेवा आणि पाकीट शक्यतो ज्याच्या त्याच्या हातात द्या.

चौथ्या दिवशी पहाटे तीनला उठवतात तेव्हा चिडू नका. सूर्योदय हे अर्धंच कारण. तंबू गुंडाळून हमालांना खाली पहाटेची रेल्वे गाठायची असते.

जेवणाची काळजी तर अजिबात नको. किन्वाचं सूप, बटाट्याचे नाना प्रकार, भात, मसूर, अ‍ॅव्होकॅडो, संध्याकाळी चहाबरोबर मक्याच्या लाह्या. शेवटच्या रात्री आमच्या स्वयंपाक्याने ओव्हनशिवाय चक्क केक केला. फक्त ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. कोंबडीच्या पाण्यातलं सूप तिथे अनेकांना शाकाहारीच वाटतं. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, त्यांचं पाणीही नाही, असं एकेक लिहा. लसणीची चटणी न्या. उंचीवर तोंडाची चव जाते, आणि आमची डबी तिसऱ्या दिवशी गाइडने संपवली.

कोकाची पानं आणि चहा तिथे राजरोस मिळतात, चघळा, प्या. पण आठवण म्हणून एक पुडीही भारतात आणू नका, इथे तो गुन्हा आहे. आणि कुणाच्या नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तिथेही पिऊ नका, चाचणीत येतं.

पेरूहून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निदान दहा दिवस आधी. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढचं कुणी बरोबर येणार असेल तर त्यांनी लसीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. व्हिसाचे नियम तेवढे दूतावासाच्या पानावर ताजे बघा.

मे महिना धरताय ते उत्तम. पाऊस सरत आलेला असतो (आमच्या नशिबात होता, ते सोडा) आणि डोंगर हिरवे असतात. फेब्रुवारीत ट्रेल दुरुस्तीसाठी बंद असतो. मात्र मे-जूनचे परवाने झपाट्याने जातात. पुढच्या वर्षाचे साधारण आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास खुले होतात, आणि ते पासपोर्टच्या नंबरावर निघतात, नावावर बदलून मिळत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच द्या, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव धरून. आमच्या गटातल्या एकाने बुकिंगनंतर पासपोर्ट नवा केला होता आणि कंपनीला कळवलं नव्हतं. नाक्यावर त्याची पाऊण तास उलटतपासणी झाली. जुना पासपोर्ट बॅगेत होता म्हणून सुटला. तेव्हा आज रात्री दोघांचे पासपोर्ट काढून कधी संपतायत ते बघा. आणि वहिनींच्या गुडघ्याचं दोन महिन्यांनी इथेच कळवा, मग छोटा की मोठा ते ठरवू.