रोज खिशात ठेवायला आणि ड्युटीवर बाळगायला कोणता फोल्डिंग चाकू चांगला?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला रुग्णवाहिकेवर काम करता, खिशातही राहील आणि ड्युटीवरही चालेल असा एकच चाकू हवाय, आणि तो जरा 'टॅक्टिकल', म्हणजे सैनिकी थाटाचा, दिसणारा असला तर उत्तम. ती शेवटची अट आधी काढून टाका. एकाच चाकूत दोन्ही कामं बसवायचा हट्टही सोडा. खिशातला चाकू पार्सल फोडतो, पेरू कापतो. ड्युटीवरचा चाकू अडकलेल्या माणसाच्या अंगाला लागून चालवायचा असतो. पहिल्याला टोक लागतं, दुसऱ्याला टोक नसलेलंच बरं.

मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे आणि चाकूंचा नाद जुना आहे. घरात एक खण त्यांनीच भरलाय. तरी रोज खिशात जातो तो सगळ्यात साधा: व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट. बंद असताना 84 मिलिमीटर, मूठ अ‍ॅल्युमिनियमची, इतका पातळ की शर्टाच्या खिशातही कळत नाही. त्याला लॉक नाही, पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. म्हणजे पात्याच्या पाठीकडून जोर लावला तर ते बोटांवर मिटणार, हे लक्षात ठेवूनच वापरायचा. पण चारचौघांत बाहेर काढला तर कुणी दचकत नाही, आणि शहरात हा गुण मी पोलादाच्या दर्जापेक्षा वर धरतो.

'आर्मीचा चाकू' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना काढला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. त्यात काय होतं? एक पातं, डबा फोडायचं हत्यार, टोच्या आणि स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रूड्रायव्हर रायफल खोलायला होता. आजही त्यांचं पोलाद फार कडक नसतं, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 56 च्या आसपास. धार लवकर उतरते हे खरं, पण चहाचा कप उपडा करून तळाच्या खरखरीत, बिनचकाकीच्या कडेवर चार हात फिरवले की परत येते. कडक पोलादाच्या महागड्या चाकूला ही सोय नाही.

मनापासून आवडणारा मात्र ओपिनेल, 8 नंबर. फ्रान्सच्या सावॉय भागातला, 1890 पासूनचा. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि गळ्यापाशी फिरवायचं एक कडं. कडं फिरवलं की पातं लॉक. हे कडं 1955 मध्ये आलं. कार्बन स्टीलचं पातं इतकं पातळ असतं की टोमॅटोवर नुसतं टेकवलं तरी आत जातं. कैरी कापली की मात्र काळं पडतं, आजीच्या विळीसारखं. त्याला घाबरू नका, तो गंज नाही. लालसर गंज दिसला तर पुसून तेलाचा हात द्यायचा.

याची खरी परीक्षा आपल्याकडच्या पावसात होते. इगतपुरीकडे जुलैत दिवसभर भिजलात की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं, नखाने ओढून निघतच नाही. त्यावर सावॉयवाल्यांचाच उपाय आहे: मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं. पातं अर्धा-पाऊण सेंटिमीटर बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. पावसाळ्याआधी सांध्यात जवसाचं तेल मुरवलं तर त्रास कमी होतो. पण इमर्जन्सीला धावणाऱ्या माणसाच्या हातात दोन हातांनी उघडायचा, ओलाव्याने अडकणारा चाकू मी कधीच देणार नाही. ओपिनेल डब्यासाठी, सहलीसाठी, फार तर मळ्यावर जाताना.

आता ड्युटी. इथे बघायचं ते एवढंच: हातमोजे घालून, एका हाताने उघडतो का आणि उघडल्यावर पक्का राहतो का. स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने 1981 मध्ये पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असलेला चाकू काढला. त्या भोकात ओल्या हाताचा अंगठाही बसतो. त्यांचा डेलिका मी कामावर वापरतो: जपानमधल्या सेकीचा, व्हीजी-10 पोलादाचा, सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास पातं, वजन 70 ग्रॅमच्या आसपास, बॅक लॉक (मुठीच्या पाठीवरची पट्टी पातं अडकवून धरते). आपल्याकडे महाग पडतो, पण कारखान्यात पट्टे, पॅकिंग, रबरी होज कापायला याच्याइतका आटोपशीर चाकू मी पाहिला नाही. तुमच्यासाठी मात्र त्याच कंपनीचा रेस्क्यू बघा. त्याची पाठ पुढे खाली वळून धारेला मिळते, म्हणजे टोचणारं टोक नाही, आणि धार दातेरी.

दातेरी का, ते स्वतः करून बघा. भंगारवाल्याकडून जुना सीटबेल्ट आणा आणि एक टोक दाराला बांधा. सैल पट्ट्यावर साधी धार नुसती घसरत राहते, पट्टा तिच्याबरोबर हलतो. तोच पट्टा एका हाताने ताणून धरा, दातेरी धार तिरकी लावा आणि ओढा: एका झटक्यात तुटतो. प्रत्यक्षात खांद्याजवळ कापायचं आणि धारेचं तोंड माणसापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं.

तरीही आधी चाकू काढू नका. जखमीचे कपडे कापायची बोथट टोकाची वाकडी ट्रॉमा कात्री आणि आकड्याच्या आकाराचा बेल्ट कटर, ही जोडी दहापैकी नऊ वेळा चाकूपेक्षा सुरक्षित. महामार्गावरचे अपघात वारंवार बघावे लागत असतील तर व्हिक्टोरिनॉक्सचं रेस्क्यू टूल घ्या. त्यात बेल्ट कटर आहे, काच फोडायचं टोक आहे आणि काच कापायची करवतही आहे. करवत कशाला? बाजूच्या खिडकीची टफन्ड काच टोकाच्या एका ठोक्यात तुकडे होऊन पडते, पण समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. ती फक्त तडकते, पडत नाही, म्हणून करवतीने कापावी लागते. मूठ पिवळी, अंधारात उजळणारी. रात्री घाटात गवतात पडली तरी दिसते.

ऑनलाइन मिळणारे कवटी-बिवटी छापलेले, बटण दाबलं की फटकन उघडणारे स्वस्त चाकू घेऊ नका. एक तर लॉक कच्चे असतात. पातं उघडून, बोटं वाटेतून बाजूला ठेवून, पाठ लाकडावर हळूच ठोकली की कित्येक जागच्या जागी मिटतात. दुसरं म्हणजे पोलिसांच्या लेखी तो खटक्याचा चाकूच, आणि नाशिकमध्ये त्याचा अर्थ काय घेतला जाईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कायद्याचं थोडं. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराचे वगळून. त्यावरून 'छोटा चाकू म्हणजे मोकळीक' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात चाकूचं नाव स्पष्ट आहे, लांबी दिलेली नाही. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की हे आदेश निघतातच. म्हणून ड्युटीचा चाकू खिशात नको, रुग्णवाहिकेच्या किटमध्ये ठेवा, आणि किटच्या यादीत तो लिहून साहेबांची सही घ्या. सिंहस्थात रामकुंडाकडे ड्युटी लागली तर तर नक्कीच. ओझरहून विमानाने जाणार असाल तर कॅडेटसुद्धा केबिन बॅगेतून काढून चेक-इनच्या सामानात टाका. एवढासा चाकूही तिथे काढून घेतात.

धारेसाठी सायकलवरच्या धारवाल्याकडे यातला एकही देऊ नका. कोरड्या चाकावर पातं तापतं, कडेला निळसर झाक येते, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. साध्या धारेला हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा दगड आणि थोडं पाणी पुरतं. दातेरी धारेला बारीक गोल सळीच लागते, एकेका खाचेतून फिरवायची. ते काम वेळखाऊ आहे, पण सीटबेल्टसाठी राखून ठेवलेल्या चाकूवर सहसा वेळ येत नाही, फक्त त्याने किटमधले खोके फोडू नका.