‘लास्ट किती?’ : जुनी गिटार विकायला काढलेल्यांचे प्रश्न

गेल्या दोन-तीन महिन्यांत तुमची जी पत्रं आणि मेसेज आलेत त्यातले निम्मे एकाच विषयाचे आहेत. गिटार विकायचीय, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) विकायचाय, कोणी घेत नाहीये. माझ्या रिपेअरच्या बाकड्यावर पण तेच चाललंय, लोक सेटअपला (गिटार नीट जुळवून घ्यायला) म्हणून गिटार आणतात आणि जाताना हळूच विचारतात, "कोणी गिऱ्हाईक असलं तर सांगा हां." म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : दादा, मार्चमध्ये माझा जॉब गेला. माझ्याकडे 2021 ला घेतलेली मेक्सिकन स्ट्रॅट (फेंडरची मेक्सिकोत बनलेली इलेक्ट्रिक गिटार) आहे (तारांचा आवाज पकडणारे पिकअप नंतर 14 हजाराचे बदललेत), 40 वॅटचा ट्यूब अँप (जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा), एक प्रोसेसर (आवाजाला इफेक्ट देणारं मशीन) आणि पाच पेडल्स (पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या). सगळं मिळून 1 लाख 60 हजार मागतोय. अडीच महिने जाहिरात आहे, नुसते ‘लास्ट किती’ असे मेसेज येतात, एकाने तर बदल्यात जुना फोन देतो म्हणून सांगितलं. किंमत उतरवू का थांबू? नेटवर बाकीचे लोक माझ्यापेक्षा जास्त मागतायत.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण सगळी गफलत तिथेच आहे. बाकीचे जास्त मागतायत ते तुम्हाला दिसतंय, कारण त्यांचं विकलं गेलेलं नाहीये. ज्याचं विकलं त्याने जाहिरात काढून टाकली, तो भाव तुम्हाला कधी दिसणारच नाही. तुम्ही न विकलेल्या मालाचे रेट बघून आपला रेट लावताय.

आता दुसरं, तुमची गिटार घेणारा माणूस कोण आहे याचा जरा विचार करा. तो तुम्हीच आहात, पाच वर्षांपूर्वीचे. तिशी-पस्तिशी, आयटी, फ्लॅटचा हप्ता, कॉलेजात बँड होता, आता पगार बरा आहे म्हणून एकदाची चांगली गिटार घेऊ असं म्हणणारा. तुमचा जॉब गेला तेव्हा त्याचा बोनस अडकला, नाहीतर त्याच्या टीममधले चार जण गेले आणि तो आता शांतपणे एफडी करतोय. घर विकणारा आणि घेणारा वेगळ्या परिस्थितीतले असू शकतात, पण महागड्या गिटारच्या बाजारात दोघं एकाच बोटीत असतात आणि बोट हलली की दोघं एकदमच विकायला उठतात. म्हणूनच पाच-सात हजाराची गिटार आजही दोन दिवसात जाते, ती कॉलेजच्या पोराला घरचे घेऊन देतात, आणि साठ-सत्तर हजाराची तशीच पडून राहते. त्यात 2020 ला लॉकडाऊनमध्ये सगळ्या जगाने गिटार घेतली, फेंडर कंपनीने तर ते वर्ष आपलं विक्रीचं सगळ्यात मोठं वर्ष असेल असं तेव्हाच जाहीर केलं होतं. त्या गिटारी कपाटावरून खाली यायला लागल्यात. तुमची 2021 ची, म्हणजे त्याच गर्दीतली.

तर पहिलं काम, सगळं मिळून विकायचं बंद करा. 1 लाख 60 हजार एकदम काढणारा माणूस आत्ता सापडणार नाही, पण तीन हजार काढणारे पाच सापडतील. पेडल्स सुटी काढा. बॉस कंपनीचं केशरी डीएस-1 पेडल 1978 पासून जवळपास त्याच रंगरूपात मिळतंय, त्याची किंमत सगळ्यांना तोंडपाठ असते, तळहाताएवढी वस्तू, नीट गुंडाळून कुठेही कुरिअर करता येते. असली साधी अ‍ॅनालॉग पेडल्स भाव धरून राहतात. प्रोसेसरचं उलटं आहे, तो फोनसारखा, नवीन मॉडेल आलं की जुना दर महिन्याला खाली, त्यामुळे तो सगळ्यात आधी विका, आलेल्या पहिल्या बऱ्या ऑफरला द्या आणि मागे वळून बघू नका.

ट्यूब अँपचं मात्र वाईट वाटतं. 40 वॅटचा ट्यूब अँप गोड कधी वाजायला लागतो, तर जरा मोठा केल्यावर, आणि तेवढा मोठा केला की सोसायटीचा सेक्रेटरी दारात. वजन वीसेक किलो, कुरिअरला माणूस तयार नाही, आत काचेचे ट्यूब. फ्लॅटमध्ये राहणारं गिऱ्हाईक सोडून द्या, शहरातले जॅमरूम, छोटे स्टुडिओ यांना फोन करा, स्वतः टेम्पोने नेऊन वाजवून दाखवा. ट्यूब शेवटचे कधी बदलले ते आधीच सांगा, कारण ते कळणारा माणूस विचारणारच, आणि न कळणारा तुमचा अँप घेणारच नाही.

राहिली स्ट्रॅट. ते 14 हजाराचे पिकअप काढा आणि मूळचे परत बसवा. मॉडिफिकेशनचे पैसे सेकंडहँडमध्ये कोणी देत नाही, उलट समोरच्याला शंका येते की अजून काय काय उघडलंय. पिकअप वेगळे विकले तर निदान निम्मे तरी सुटतील. मूळचे पिकअप तुम्ही फेकून दिले असतील तर... जाऊ द्या, पुढच्या वेळी ठेवा. मग नव्या स्ट्रिंग्ज, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) पॉलिश, व्हॉल्यूमचा पॉट (आवाजाचं बटण) खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. हजार-बाराशेचा खर्च आहे पण गिऱ्हाईक घरी येऊन पहिला कॉर्ड वाजवतं तेव्हा गंजक्या तारांची गिटार कितीही चांगली असली तरी मेल्यासारखी वाजते. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्रेटचा जवळून, सिरीयल नंबरचा, बिलाचा, आणि जिथे टवका उडालाय त्याचा तर सगळ्यात मोठा. टवका लपवला की तो माणूस घरी येऊन तोच शोधतो आणि मग त्याच्याच नावाने पाच हजार पाडतो.

भाव. आजचा नवीनचा दुकानातला भाव बघा, तुम्ही काय दिलेत ते विसरा (त्यात 18 टक्के जीएसटी होता, तो सरकारला गेला, गिऱ्हाईक तो तुम्हाला परत देणार नाहीये). माझ्या बाकड्यावरचा अंदाज असा की चांगल्या दिवसात नवीनच्या साठ टक्क्यांपर्यंत जातं, आत्ता घाईत निम्म्याच्याही खाली. आणि थांबू का हा प्रश्न गिटारचा नाहीच, तो हप्त्याचा आहे. पाच तारखेला हप्ता असेल तर भाव तुम्ही ठरवत नाही, पाच तारीख ठरवते. सहा महिने निघत असतील तर पेडल्स, प्रोसेसर, अँप काढा आणि स्ट्रॅट ठेवा. इंटरव्ह्यू देऊन घरी आल्यावर हातात काहीतरी लागतं.

प्रश्न : सर, माझ्या गिटारला चार दिवसात गिऱ्हाईक मिळालं! फोन करणारा म्हणाला मी आर्मीत आहे, पोस्टिंग आहे म्हणून बघायला येऊ शकत नाही, ट्रान्सपोर्टवाला पाठवतो. घासाघीस पण केली नाही. पेमेंटसाठी क्यूआर कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे माझ्या खात्यात येतील म्हणतोय. करू ना?
– नाशिक

उत्तर : अजिबात नाही. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, पिन टाकला की पैसे जातात. हा बिचाऱ्या आर्मीच्या नावावरचा जुना डाव आहे. हे छापून येईपर्यंत पिन टाकून झाला असेल तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा, जितकी घाई तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि एक खूण लक्षात ठेवा, जो माणूस नेक सरळ आहे का, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) किती आहे, फ्रेट किती झिजलेत यातलं एकही विचारत नाही आणि सांगितलेल्या भावाला हो म्हणतो, तो गिटार घ्यायला आलेलाच नाहीये. ‘लास्ट किती’ म्हणून डोकं खाणारे परवडले.

प्रश्न : मुलाने लॉकडाऊनमध्ये हट्टाने साडेसहा हजाराची अकूस्टिक गिटार घेतली, सहा महिने वाजवली, मग माळ्यावर. आता तो हॉस्टेलला असतो. दुकानदार 1200 देतो म्हणतोय. हे फसवणं नाही का?
– सांगली

उत्तर : ताई, फसवणं आहे का ते गिटारच सांगेल. एक साधा कागद घ्या आणि जिथे तारा खाली अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, म्हणजे ब्रिज, त्याच्या मागच्या कडेखाली तो सरकवून बघा. कागद आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागलाय. पाच-सहा पावसाळे माळ्यावर, तारा तशाच ताणलेल्या, की हे होतंच. मग 1200 घ्या आणि दुकानदाराला चहा पण पाजा, कारण दुरुस्तीलाच तेवढे जातील.

कागद जात नसेल आणि गिटारच्या खालच्या टोकाकडून बघितल्यावर ब्रिजमागचं पोट फुगलेलं दिसत नसेल तर नव्या तारा टाकून घ्या, तीन-चारशे रुपये, आणि एप्रिलपर्यंत थांबा. सुट्टीतले गिटारचे क्लास सुरू झाले की पालक हीच साइझ, हीच किंमत शोधत असतात. जवळच्या क्लासच्या सरांना सांगून ठेवा, तेच विकून देतात, त्यांना दोनशे-तीनशे द्या. तोपर्यंत माळ्यावर नको, भिंतीला टेकवून पण नको, कव्हरमध्ये घालून पलंगाखाली आडवी ठेवा आणि तारा जरा सैल करा.

आणि हो, मुलाला विचारलंत ना? मी अशा दोन गिटारी बघितल्यात की आईने विकल्या आणि पोराने दिवाळीला येऊन घर डोक्यावर घेतलं.

प्रश्न : न्यू जर्सीत आहे, एच-1बी, ले-ऑफ झालाय, बहुतेक पुण्याला परत. एक लेस पॉल इलेक्ट्रिक गिटार आहे (बोटं ठेवायची पट्टी, फिंगरबोर्ड, रोझवूड लाकडाची) आणि एक ट्यूब अँप. इकडच्या दुकानात अर्धेच देतात. सगळं पुण्याला आणून विकू का? रोझवूडचा काही त्रास होतो असं ऐकलंय.
– न्यू जर्सी

उत्तर : नोकरी गेल्यावर एच-1बीवाल्याला तिकडे राहायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या ग्रेस पिरियडमध्ये गिटारच्या भावावर वेळ घालवू नका हे आधी सांगतो. अँप तिकडेच विका, मिळेल त्या भावाला. तो 120 व्होल्टचा आहे, इथे 230. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर सोबत एक जड स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि त्याने फक्त व्होल्ट बदलतात, विजेचे हर्ट्झ इथले 50 च राहतात, तिकडच्यासारखे 60 होत नाहीत, त्यामुळे काही अँपचे आतले ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतात. पुण्यातलं गिऱ्हाईक हे सगळं ऐकून ‘बघून सांगतो’ म्हणेल आणि परत फोन करणार नाही.

दुकान अर्धे देतं याचा राग मानू नका, त्याला तो माल पुढे कित्येक महिने भिंतीवर टांगून ठेवायचाय, भाडं भरायचंय. तिकडची दुकानंही सुखात नाहीत. सॅम अ‍ॅश ही वाद्यांच्या दुकानांची साखळी 1924 मध्ये ब्रुकलिनला सुरू झालेली, शंभर वर्षं चालली आणि 2024 ला सगळी दुकानं बंद. अँपसाठी दुकानापेक्षा जवळच्या चर्चच्या बँडला विचारा, त्यातले काही अजूनही खरे अँप वापरतात.

लेस पॉल मात्र घेऊन या. रोझवूडची भीती 2017 ची आहे, तेव्हा साइट्स या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत सगळं रोझवूड आलं होतं आणि वाद्यंही त्यात अडकायची. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही, पण तुमची अलीकडची साधी गिटार असेल तर ते नसणार, जुनी विंटेज असेल तर मात्र आधी तपासून घ्या. हार्डकेसमध्येच आणा, गिटारच्या डोक्याच्या मागे आणि मानेखाली कपडे कोंबा, तारा थोड्या सैल. लेस पॉलचं डोकं मागे झुकलेलं असतं आणि पडली की तिथेच मोडते, माझ्याकडे येणाऱ्या लेस पॉलपैकी किती तिथेच मोडलेल्या असतात ते सांगितलं तर तुम्ही विमानात ती मांडीवर घेऊन बसाल.

प्रश्न : दादा, मी वसईचा, पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. मंडळं बजेट कापतायत, निम्मा बँड आता लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर चालतो. दोन गिटार आणि एक प्रोसेसर आहे. एक गिटार इलेक्ट्रो-अकूस्टिक (अँपला जोडता येणारी अकूस्टिक). काय विकू आणि कधी?
– वसई

उत्तर : ज्यावर शो वाजवता ती गिटार आणि प्रोसेसर, या दोघांना हात लावायचा नाही. वर मी एकाला प्रोसेसर आधी विका म्हणालो, पण त्याचा तो छंद होता, तुमचं ते दुकान आहे. एक शो आला आणि भाड्याने प्रोसेसर आणावा लागला तर मिळालेली बिदागी त्यातच जाईल, शिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये तुमचे पॅच (सेट करून ठेवलेले आवाज) कुठून येणार.

इलेक्ट्रो-अकूस्टिक काढा, पण गणपतीच्या आधी. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं प्रॅक्टिसला लागतात, ज्यांच्याकडे नाही ते शोधतात. नवरात्र संपलं की ज्यांचे पैसे अडकले ते सगळे एकदम विकायला काढतात, तेव्हा तुम्ही त्या रांगेत उभे राहू नका. ती संधी हुकली तर सरळ डिसेंबर, तुमच्या वसईत नाताळच्या आधी चर्चच्या क्वायरची पोरं गिटार शोधत फिरत असतातच, तुम्हाला मी काय सांगणार. ओळखीत विका, दोन हजार कमी आले तरी चालेल, आणि हप्त्याने मागितलं तर निम्मे हातात आल्याशिवाय गिटार देऊ नका, मग तो सख्खा चुलतभाऊ का असेना.

आणि आज घरी गेल्या गेल्या त्या इलेक्ट्रो-अकूस्टिकमधली 9 व्होल्टची बॅटरी काढून ठेवा. पडून राहिली की ती गळते आणि आतल्या प्रीअँप सर्किटचे कॉन्टॅक्ट खाते, मग ‘इलेक्ट्रो’ जातं, नुसत्या अकूस्टिकचा भाव उरतो.