चांगल्यांचं चांगलंच होतं, मग आमच्याच घरी असं का?

‘मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, मग हे आमच्याच वाट्याला का?’ समुपदेशनात हा प्रश्न नेहमीचा. एका आईने तो विचारला, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला टाइप १ मधुमेह झाला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वहीत पुढून शुगरचे आकडे आणि इन्सुलिनची युनिट्स, मागून सोळा सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, बोललेले नवस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याने तो होत नाही. डॉक्टरांचं हे म्हणणं ताईंना पटलं होतं, पण शेजारच्या काकूंचं ‘फार चॉकलेटं दिलीत हो’ डोक्यातून जात नव्हतं.

"चांगल्यांचं चांगलंच होतं, असं मानता ना?"

"मानते."

"मग ज्याचं वाईट झालं तो चांगला नाही, असंच निघतं."

त्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं असेल." हे खोडताही येत नाही, तपासताही येत नाही. मी एवढंच विचारलं, "लेकीला तोंडावर सांगाल असं?"

"छे! त्या पोरीनं काय केलंय?"

मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६चा प्रयोग मी त्यांना सांगितला. एका विद्यार्थिनीला विजेचे झटके बसताना दाखवले. ते नाटक होतं, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. जिथे तिचा त्रास थांबवणं हाती नव्हतं, तिथे बघणारे तिलाच नावं ठेवू लागले. काकूंचंही तेच: चूक आईची ठरली की आपलं घर सुरक्षित.

"म्हणजे न्याय नाहीच? मग दाद कुणाकडे मागायची?"

खरी गोची इथेच आहे. अन्याय म्हणायचं तर न्याय देणारा कुणीतरी धरावा लागतो. तो नाही म्हटलं, तर तक्रार कुठल्या खिडकीत द्यायची? हा पेच मला सुटलेला नाही, आणि सुटल्याचा आव मी आणत नाही. पण बोलता बोलता कळलं, की शाळेत मुलीला वर्गात शुगर तपासू देत नाहीत. आजार कुणी केला नव्हता. ही मनाई मात्र माणसांनी केली होती. त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला: वर्गात तपासणीची मुभा, दप्तरात ग्लुकोज पावडर, शुगर उतरली तर तासाला मध्येच खायची परवानगी.