मुक्काम हलवू नकोस

अरे,

तुझं एक्सेल शीट रात्री जेवणं झाल्यावर उघडलं आणि आधी वाटलं चुकून शाखेचंच काहीतरी पाठवलंस, रंगीत रकाने, वेळा, किलोमीटर, चेक-इन चेक-आउट. मग कळलं की ही तुझी सुट्टी आहे. जयपूर पुष्कर जोधपूर जैसलमेर उदयपूर माउंट अबू, सगळं नऊ दिवसांत, आणि खाली पिवळ्या रंगात "काही राहिलं असेल तर मॅडम सांगा". सहा गावं कोंबलीयेस बाबा, राहिलं काय असणार, झोप सोडून!

आणि वर तो व्हॉइस मेसेज. आई काशी म्हणतेय, मित्र बाली म्हणतायत, शाखेत सगळे सांगतायत पहिली एलएफसी आहे, म्हणजे सुट्टीच्या प्रवासाचं भाडं बँक देणार, तर लांबचीच घे, अंदमान नाहीतर नॉर्थ ईस्ट, जवळ गेलास तर पैसे सोडलेस. आणि शेवटी जरा पडलेल्या आवाजात, "सुट्टी वाया जाईल की काय असं वाटतंय हो मॅडम". ते शेवटचं वाक्य ऐकून लिहायला बसले, नाहीतर फोनवरच झापणार होते.

बाली आधी काढून टाक, एलएफसी देशातल्या देशात. शाखेतल्यांचंही सोड. भाडं बँक देतेय म्हणून लांब जायचं, हा हिशोब मी सगळी नोकरी बघितलाय, लोक अंदमानला जाऊन येतात आणि कसं होतं विचारलं की विमान कितीला पडलं ते सांगतात.

माझं म्हणणं एकच आहे आणि तुला वैताग येईपर्यंत सांगणार आहे. एक गाव निवड आणि मुक्काम हलवू नकोस. नऊ दिवस असतील तर नऊही दिवस तेच गाव, तीच खोली, तोच चहावाला.

तुझ्याच शीटमधलं जैसलमेर घे. दुपारी दोनला पोचणार, संध्याकाळी सम गावच्या वाळूत उंटावर बसणार, दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याला दोन तास आणि लगेच उदयपूरला निघणार. जोधपूरहून जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटर, तिथून उदयपूर पाचशेच्या आसपास, म्हणजे तो अख्खा दिवस तू ड्रायव्हरचं डोकं मागून बघणार. अरे, 1156 साली रावळ जैसलने वसवलेला किल्ला आहे तो आणि आत अजून माणसं राहतात, संसार आहेत, जैन मंदिरं आहेत, गल्लीत मुलं क्रिकेट खेळतात. तुझ्या त्या दोन तासांत तुला काय दिसणार, तर बाकीचे टुरिस्ट, कारण तेही त्याच दोन तासांत आलेले असतात. माळढोक तर विसरच. आपल्याकडे सोलापूरला नान्नजचं अभयारण्य माळढोकाच्या नावाचं आहे पण पक्षी दिसायचे जवळपास बंद झाले, जे थोडे उरलेत ते मुख्यतः त्या जैसलमेरच्या बाजूला. पण त्यासाठी पहाटे उठून जायचं, काही न दिसता परत यायचं आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा जायचं. तुझ्या शीटमध्ये दुसरी पहाट कुठल्याच गावाला दिलेली नाहीये.

तू विचारलंस, तुमचं आवडतं ठिकाण कुठलं. हंपी. सगळ्या शाखेला माहितीये, चेष्टा करायचे, मॅडम रजेवर म्हणजे हंपीला. पण का ते कुणी विचारलं नाही, तू विचारलंयस तर ऐक आता.

पहिल्यांदा आम्ही एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो, मोठी दक्षिण भारत सहल, बदामी हंपी म्हैसूर उटी असं करत पार कन्याकुमारी. हंपीला अर्धा दिवस. हजारराम मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बायका अशा रांगाच्या रांगा कोरल्यात, आमचे हे तिथे अडकले, एकेक रांग बोट फिरवल्यासारखी बघत होते आणि तिकडे बस हॉर्न वाजवतेय, गाइड शिट्टी मारतोय. त्या सहलीतलं उटी मला आज आठवत नाही, आठवतं ते बॅगा भरणं, रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, आणि चार्जर राहिला म्हणून भांडण. बसमध्ये बसताना हे म्हणाले, परत येऊ आणि सावकाश बघू. परत गेले ती मी एकटीच, तेव्हा हे नव्हते. असो.

मिरजेहून हरिप्रिया पकडायची, होस्पेटला उतरायचं, तिथून हंपी तेरा किलोमीटर. मी गावात खोली घेतली आणि ठरवलं, कुठ्ठे जायचं नाही. पहिल्या दिवशी सगळे बघतात तेच बघितलं, पन्नासच्या नोटेमागचा दगडी रथ, कमळ महाल, हत्तीखाना. संध्याकाळी पाय दुखायला लागले आणि खरं सांगू, कंटाळा आला. हा कंटाळा येतोच. आणि तुम्ही सगळे नेमके इथेच गाव बदलता, कंटाळा आला की पुढचं गाव, तिथे आला की त्याच्या पुढचं. तो अंगावर घे ना जरा! एखादा दिवस रिकामा जाऊ दे, काही मरत नाहीस.

कारण त्याच्या पुढेच खरं हंपी सुरू होतं. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, छोट्याशा झरोक्यातून उजेड येतो आणि आख्खं गोपूर डोक्यावर उभं. शाळेत सूचिछिद्र प्रतिमाग्राहक शिकलास ना, तेच, फक्त इथे कॅमेरा म्हणजे देऊळ. मी गेले तेव्हा ढग होते, काही नाही. पुन्हा गेले तर सहलीची पोरं, एकमेकांच्या डोक्यावर चढलेली. पुढे एकदा कुणीच नव्हतं, ऊन स्वच्छ होतं, आणि मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. अर्ध्या दिवसाच्या टूरमध्ये ढग आले की संपलं तुझं, घरी येऊन सांगायचं, तसं काही विशेष नाही हो.

किंवा ती दगडी ताटं. राजवाड्याच्या बाजूला एक पाण्याचा पाट आहे आणि त्याच्या दोन्ही काठांना दगडात ताटं कोरलेली, वाट्यांचे खळगेसुद्धा आहेत. भोजनशाळा म्हणतात. लोक फोटो काढून पुढे जातात, मी तिथे बसून राहिले, आमटी कुठल्या खळग्यात, भात कुठे, चटणी डावीकडे वाढत असतील का. हसू नको, असल्या फालतू विचारांसाठीच सुट्टी असते. मग पाटावरून पाणी डोक्यात बसलं, हे पाणी आणलं कुठून. सगळीकडे उन्हात तापलेले धोंडे आणि मधेच केळीच्या हिरव्यागार बागा. एका शेतकऱ्याला विचारलं, माझं कन्नड म्हणजे आनंदच आणि त्याचं हिंदी त्याहून, पण त्याने हाताने दाखवलं, तुर्तू कालवा. विजयनगरच्या काळातला कालवा आहे तो, तुंगभद्रेचं पाणी अजून त्यातून शेताला जातं. राज्य 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर खिळखिळं झालं, शहर लुटलं, जाळलं, आणि कालवा चालूच आहे! हे मला कुठल्याच गाइडने सांगितलं नव्हतं, त्यांच्याकडे वेळच नसतो, पुढची बस उभी असते.

आणि विठ्ठल मंदिर. एवढं देखणं देऊळ आणि गाभारा रिकामा. आपल्याकडे सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इकडे आणली आणि नाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन गेले. आख्यायिका आहे, मी काही इतिहासकार नाही. पण आपण पंढरपूरला रांगेत उभं राहिलेली माणसं, त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे आपल्याला जे वाटतं ते शेजारी सेल्फी काढणाऱ्याला वाटत नाही. त्यासाठीसुद्धा गर्दी ओसरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच, मुक्काम हलवू नकोस.

आता मला माहितीये तू काय म्हणणार, मॅडम तुम्ही बाकी काही बघितलंच नाही. माझी मुलगीही तेच म्हणते, आई तुला दुसरं गाव माहीत नाही का. आहे माहीत. वेंगुर्ल्याला आख्खा मे महिना काढलाय, आंबोळ्या खाऊन आणि मच्छी बाजारात नुसती उभी राहून. बदामीला राहिलेय. ताजमहाल नाही बघितला. काश्मीर नाही. हिमालय राहिला, हो राहिला, आणि आता गुडघे म्हणतात तू खालीच बस. लोकांच्या व्हॉट्सअॅपवर बर्फाचे फोटो येतात तेव्हा आतून काहीतरी होतं, नाही म्हणणार नाही. पण मग ती फोटो टाकणारी बाई भेटते आणि मी विचारते, तिथे लोक जेवायला काय करतात गं, तर तिला आठवत नाही, त्यांना हॉटेलात पंजाबी होतं. मग माझं बरं वाटतं परत. दुष्टपणा असेल, असू दे. मी एक गाव नीट बघितलं आणि माझं त्यावर भागलं. भागलं म्हणजे भागलंच, तू त्यात फट शोधू नकोस.

हंपीला जा म्हणत नाहीये मी, ते माझं आहे. तुझ्यासाठी माझं मत काशी. आईने कधी तुझ्याकडे काही मागितलंय का? एलएफसीत आईबाबा बसत असतील तर बसव, नसतील तर पगार कशाला आहे. पण मी तुला ओळखते, तू लगेच काशी प्रयाग अयोध्या गया असं नवीन शीट करशील आणि त्या दोघांना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घालून फिरवशील. खबरदार! काशी म्हणजे फक्त काशी. सारनाथला जा, ते दहा किलोमीटरवर आहे, झोपायला परत खोलीवर. बाकी रोज सकाळी आईबरोबर घाटावर. भोसले घाट नागपूरकरांचा, सिंदिया घाट बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला, विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ 1780 चं, अहिल्याबाईंनी उभं केलेलं, तुझ्या आईला तिथे परकं वाटणार नाही. बाबांना सकाळी कचोरी-जिलबी खाऊ घाल. थंडीत गेलास तर मलइयो मिळेल, दुधाचा फेस असतो केशर घातलेला, सकाळीच मिळतो आणि उन्हं वर आली की संपतो, एकदा खाल्ला की कळत नाही नक्की काय खाल्लं, तिसऱ्या सकाळी कळतं. संध्याकाळची आरती पहिल्या दिवशी बघ, तिथे चेंगराचेंगरी असते, पुढच्या संध्याकाळी दोघांना दुसऱ्या कुठल्यातरी शांत घाटावर बसव आणि तू मोबाइल खोलीवर ठेव. तू पाचव्या दिवशी कंटाळशील, हे मी आत्ताच लिहून देते. कंटाळ. बाबांना विचार ते लग्नाआधी कुठे नोकरीला होते, तुला माहीत नसणार, मी पैज लावते.

आणि राजस्थान कुठे पळत नाही, पुढच्या खेपेला जैसलमेर कर. एकटं जैसलमेर.

शीट डिलीट कर, दुसरं करू नकोस. मला फक्त गावाचं नाव आणि खोलीचं बुकिंग किती रात्रींचं ते कळव, आणि ते दोन तुकड्यांत असेल तर कळवूच नको.

तुझ्या
देशमुख मॅडम

ता. क. रिझर्वेशन साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं, पुण्याहून ज्ञानगंगा बघ. आईला लोअर बर्थ माग, आणि तिकिटं जपून ठेव, बिल लावताना अडवतात, मीच अडवायचे.